उकडलेली अंडी बाहेर किती तास चालतात? (उन्हाळा, प्रवास, डबा)

वर्धारोडची_सून

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरहून पुण्याला निघतोय. मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गाडी संध्याकाळची, पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलगा गाडीतलं काही खात नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे पोळीसोबत नुसता बटाटा चालत नाही. म्हणून अंडी उकडून न्यायचं ठरतंय, थोडी रात्रीच्या जेवणाला आणि थोडी सकाळच्या नाश्त्याला.

इथे सध्या पारा ४४ च्या वर आहे आणि तिकीट स्लीपरचं. सासूबाई म्हणतात, कवच न काढता नेली तर दिवसभर काही होत नाही, त्यांच्या लहानपणी अमरावतीहून मुंबईला जाताना डबाभर अंडी बरोबर असायची. नवरा म्हणतो, दोन तासांच्या वर अंडं बाहेर ठेवायचंच नाही. हा दोन तासांचा आकडा आला कुठून? आपल्याकडच्या उन्हाळ्याला तो लागू होतो का? आणि जून उजाडला की शाळेच्या डब्यातल्या ऑम्लेट-पोळीचा प्रश्न येणारच आहे, त्यावरही कुणी सांगितलं तर बरं होईल.

ऊसपट्टा

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडं कारखान्याच्या रात्रपाळीला माणसं डब्यात उकडलेली अंडी नेतात. संध्याकाळी भरलेला डबा रात्री एक-दोनला उघडतात. माझे वडील नोकरीभर असाच डबा नेत होते. दुकानात तर कच्ची अंडी आठवडाभर ट्रेमध्ये बाहेरच असतात, आणि आपण उकडल्यावर जंतू मारून टाकलेले असतात. मग उकडलेलं अंडं कच्च्याच्या आधी खराब कसं होईल, हे मला तरी पटत नाही.

मेलबर्नची_प्राजक्ता

इकडे ऑस्ट्रेलियात '२ तास-४ तास' असा नियम शिकवतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये पदार्थ २ तासांपेक्षा कमी राहिला असेल तर खा किंवा परत फ्रिजमध्ये ठेवा. २ ते ४ तास झाले असतील तर लगेच खा, परत ठेवू नका. ४ तासांच्या वर गेला की टाकून द्या. हे सगळे तास बेरजेचे, म्हणजे सकाळी एक तास आणि दुपारी दोन तास बाहेर राहिला तर तीन तास झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आणखी कडक आहे: २ तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास.

वर्धारोडची_सून

३२ च्या वर १ तास? आमच्या घरात कूलर लावूनही दुपारी ३४-३५ असतं. म्हणजे पुस्तकातलं 'खोलीचं तापमान' आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत नसतंच.

पेट्रीडिश

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण ऊसपट्टादादांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि बहुतेक घरांत हाच युक्तिवाद होतो.

कच्चं अंडं बाहेर टिकतं ते त्याच्या स्वतःच्या बंदोबस्तामुळे. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, क्युटिकल म्हणतात त्याला. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती हा लेप बुजवून ठेवतो. आत पांढऱ्यामध्ये लायसोझाइम नावाचं प्रथिन जिवाणूंच्या भिंती फोडतं. ओव्होट्रान्सफेरिन नावाचं दुसरं प्रथिन लोह धरून बसतं, त्यामुळे जिवाणूंना वाढायला लोह मिळत नाही. शिवाय पांढरं जसं जुनं होतं तसं ते जास्त अल्कधर्मी होतं, तेही जंतूंना मानवत नाही. पिल्लू वाढण्यासाठी निसर्गानं केलेली ही व्यवस्था आहे, आणि ती फार चोख आहे.

आपण अंडं उकडतो तेव्हा आतले जिवाणू मरतात हे खरं. अंड्यातून पोटात जाऊन आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू ७१ अंशांना मरतो आणि पूर्ण उकडलेल्या अंड्यात त्याची चिंता उरत नाही. पण त्याच उष्णतेनं हा सगळा बंदोबस्तही मोडतो. लेप निघून जातो, पांढऱ्यातली राखण करणारी प्रथिनं गोठून निकामी होतात. उरतं ते भरपूर पाणी आणि उत्तम प्रथिनं, आणि राखण करायला कुणी नाही. म्हणून फ्रिजमध्येसुद्धा कच्चं अंडं काही आठवडे टिकतं, आणि उकडलेलं कवचासकट जास्तीत जास्त एक आठवडा.

आता उकडल्यावर जंतू येतात कुठून? दोन वाटा आहेत. पहिली, गार करायचं पाणी. गरम अंडं गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि छिद्रांमधून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणूनच अमेरिकेत कच्ची अंडी धुण्याच्या कारखान्यांत पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी गरम ठेवावं असा नियम आहे. आपण मात्र अंडी गार करायला सिंकमध्ये भांडं ठेवतो, शेजारी चिकन धुतलेलं पातेलं असतं. पिण्याचं पाणीच वापरा, आणि वेगळ्या स्वच्छ भांड्यात.

दुसरी वाट आपले हात. साधारण तीन-चार जणांतल्या एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू कायम मुक्कामाला असतो. त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो. नाक पुसलेला हात, बोटावरची चीर, पिकलेली पुळी, यांतून तो सोललेल्या अंड्यावर येतो. उबेत तो वाढतो आणि वाढताना विष तयार करतो, आणि हे विष उकळल्यानं जात नाही. नंतर पदार्थ कितीही गरम केला तरी जिवाणू मरतात, विष तसंच राहतं. 'गरम करून खाल्लं, मग काय होणार' हे म्हणूनच चालत नाही.

दोन तासांच्या आकड्याबद्दल. अनुकूल तापमानात काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. १०० जिवाणूंपासून सुरुवात झाली तर ६ तासांत १८ वेळा दुप्पट, म्हणजे २ कोटी ६० लाखांच्या वर. प्रत्यक्षात सुरुवातीला ते काही वेळ नव्या जागेत रुळण्यात घालवतात, वाढ जवळजवळ होत नाही. दोन तासांची मर्यादा या सुरुवातीच्या संथ टप्प्याच्या आसपास आखलेली आहे. त्यानंतर आलेख सरळ वर चढतो. जितकी ऊब जास्त, तितका हा संथ टप्पा आखूड. बहुतेक रोगजंतूंना ३५-३७ अंश सगळ्यात सोयीचे, आणि तेच तुमच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराचं तापमान आहे. तेव्हा तुमच्याकडे १ तासाचाच नियम धरा.

ऊसपट्टा

मुद्देसूद सांगितलंत, धन्यवाद. पण मग एवढी वर्षं माणसं खात होती, ती सगळी आजारी का नाही पडली?

पेट्रीडिश

दादा, प्रत्येक अंड्यावर रोगजंतू पोचतोच असं नाही. कवच अखंड असेल, पाणी स्वच्छ असेल तर उकडलेल्या अंड्याचं आतलं बहुधा निर्जंतुकच राहतं. त्यामुळे सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे: कवचासकट नेलेलं अंडं सोललेल्यापेक्षा निश्चित सुरक्षित. अडचण एवढीच की उकडताना गेलेला केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही. आणि पूर्वी कुणी आजारी पडलं नाही असंही नाही. उलटी-जुलाब झाले की 'ऊन लागलं', 'पाणी बाधलं' असं म्हणून विषय संपायचा. अंड्याशी त्याचा संबंध कोण जोडणार होतं? धडधाकट माणूस एका दिवसात बरा होतो. पाच वर्षांचं मूल आणि मधुमेह असलेल्या आजी यांचं तसं नसतं. इथं प्रश्न नेमका त्या दोघांचाच आहे.

वास घेऊन कळेल, असं कुणी लिहायच्या आधीच सांगते. वास, बुळबुळीतपणा हे नासवणाऱ्या जिवाणूंचं काम. आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू ना वास आणतात ना चव बदलतात.

फिरस्ती_नाशिक

पण युरोपात सुपरमार्केटमध्ये अंडी उघड्या मांडणीवर असतात, फ्रिजमध्ये नाहीत. आपणच का एवढं घाबरायचं?

मेलबर्नची_प्राजक्ता

ती कच्ची असतात. युरोपात विक्रीची अंडी धुवायची नाहीत असा नियम आहे, त्यामुळे कवचावरचा लेप शाबूत राहतो. अमेरिकेत धुतात, म्हणून तिथे फ्रिज लागतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या डिसेंबरमध्ये एडविना करी या मंत्रीणबाईंनी देशातल्या बहुतेक अंड्यांत साल्मोनेला असल्याचं विधान केलं, अंड्यांची विक्री कोसळली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे तिथे कोंबड्यांना लस द्यायला सुरुवात झाली. २०१७ मध्ये तिथल्या अन्नखात्यानं सांगितलं की सिंहाचा शिक्का असलेली (म्हणजे लस दिलेल्या कोंबड्यांची) अंडी लहान मुलं आणि गरोदर बायकांनीही अर्धी कच्ची खाल्ली तरी चालतील. हे सगळं कच्च्या अंड्याबद्दल. शिजवलेल्या पदार्थाला युरोपातही सूट नाही.

अंडाबुर्जी_मिरज

मी बुर्जीची गाडी लावतो. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा. इथं सगळे अंड्याबद्दल बोलतात म्हणून आमची गाडीवरची पद्धत सांगतो.

उकडलेली अंडी एकदम उकडून रचून ठेवत नाही. एका वेळी एक ट्रे, ३० अंडी, संपत आली की दुसरा. सोलायचं गिऱ्हाईक समोर आल्यावरच. शेजारचे काही जण दुपारीच शंभर-दीडशे सोलून पातेल्यात पाण्यात ठेवतात, त्यात वेळ वाचतो, पण मला ते पटत नाही. ते पाणी तासाभरात गढूळ होतं. बुर्जी, ऑम्लेट तव्यावरनं थेट ताटात जातं, त्याची काळजी नाही. हाफ फ्राय मागणारे असतात, त्यांना सांगून बघतो की उन्हाळ्यात पिवळं शिजवून घ्या.

पैसे घ्यायचे आणि अंडं सोलायचं, हे दोन्ही एकाच हातानं नाही. पोरगा पैसे बघतो, मी तवा बघतो. एकटाच असतो त्या दिवशी मध्ये साबणानं हात धुतो. गाडीवर पाण्याचा कॅन त्यासाठीच वेगळा ठेवलाय.

माझा प्रश्न वेगळा आहे. अंडा मसाल्याचा रस्सा मी घरनं करून आणतो, कांदा-खोबऱ्याचं वाटण. गाडीवर तो मंद आचेवर असतो. उरला तर दुसऱ्या दिवशी वापरायचा का? टाकायचं म्हटलं तर खोबऱ्याचा भाव बघून जीव होत नाही.

पेट्रीडिश

दादा, सोलून पाण्यात ठेवलेल्या अंड्यांबद्दलचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. एका अंड्यावरचा जिवाणू त्या पाण्यातून सगळ्या अंड्यांवर जातो. पैशाचा हात आणि अन्नाचा हात वेगळा ठेवता, यासाठी मनापासून कौतुक. हे मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात शिकवावं लागतं.

रश्श्याचं रात्री घरी येऊन नीट लिहिते, ते घाईत सांगण्यासारखं नाही.

जिप_शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शासनानं पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय घेतला, न खाणाऱ्या मुलांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला, पण आमच्या गावानं लोकवर्गणीतून अंडं चालू ठेवलंय. अंड्याच्या दिवशी पटावरची हजेरी भरलेली दिसते, म्हणून गावाला ते बंद होऊ द्यायचं नाही.

आमच्याकडे आधी मदतनीस ताई सकाळी नऊला अंडी उकडून, सोलून घमेल्यात ठेवायच्या आणि जेवण व्हायचं साडेबाराला. सोललेली अंडी साडेतीन तास शेडखाली. आम्ही क्रम बदलला. आधी भात आणि आमटी, अंडी सगळ्यात शेवटी उकडायला घालायची, जेवणाच्या घंटेच्या अर्धा तास आधी उतरवायची. सोलायचं काम मुलांनी स्वतः ताटावर बसून करायचं, हात धुऊन. पहिलीतल्या मुलांना थोडी मदत लागते. ताईंचाही वेळ वाचला, कारण दीडशे अंडी सोलणं हे सोपं काम नाही.

चव नोंदवहीत वाढण्याच्या अर्धा तास आधी शिक्षक आणि पालक चव घेऊन सही करतात. पेट्रीडिशताईंचं वाचल्यावर वाटलं की चवीच्या रकान्याशेजारी 'उतरवण्याची वेळ' आणि 'वाढण्याची वेळ' असे दोन रकाने आखले तर खरी माहिती मिळेल. सोमवारपासून आखतो.

पेट्रीडिश

सर, हे फार मोलाचं आहे. माझं ऐकाल तर कवचावर स्केचपेनची खूण करून तडकलेली अंडी उकडतानाच बाजूला काढा, ती ताबडतोब खायची.

पोर्वोरीम

आमच्या गोंयांत रोस ऑम्लेट खातात, म्हणजे ऑम्लेटवर गरम रस्सा (रोस) घालून. गाड्यावर ऑम्लेट मागणीनुसार होतं, रोस मात्र संध्याकाळभर मोठ्या टोपात असतो. चांगल्या गाड्यावर तो वाफाळलेला असतो. कोमट रोस घालणाऱ्या गाड्यावर मी दुसऱ्यांदा जात नाही.

डोंबिवली_फास्ट

माझ्या मुलीची शाळा सातची. डबा साडेसहाला भरते. छोटी सुट्टी साडेनऊला. ऑम्लेट रोल द्यायचा की नाही? गरम राहावा म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून कॅसरोलच्या डब्यात देते.

पेट्रीडिश

कॅसरोलमधलं ऑम्लेट तासाभरात ६० अंशांच्या खाली येतं आणि पुढचे दोन तास ४०-४५ अंशांना कोमट राहतं. गरमही नाही, गारही नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. ऑम्लेट पूर्ण शिजवा, दोन्ही बाजूंनी. ताटात पसरून वाफ जाऊ द्या, मग साध्या डब्यात भरा. कांदा-टोमॅटो घालू नका, पाणी सुटतं. साडेसहा ते साडेनऊ तीन तास होतात. पावसाळ्यात-हिवाळ्यात डब्याखाली बर्फाची पिशवी ठेवून छोट्या सुट्टीतच खायला सांगा, मोठ्या सुट्टीसाठी उरवायचं नाही. एप्रिल-मे सोडून द्या. मी स्वतः माझ्या मुलाला उन्हाळ्यात अंडं शाळेतून आल्यावर देते.

मावशी_शिकागो

कुणी तरी पुढे विचारेल म्हणून लिहिते, कारण मला इथे दोन-तीन मैत्रिणींनी विचारलंय: अंडी व्हिनेगरमध्ये घालून लोणचं केलं तर बाहेर टिकतात का? नाही. आमच्याच इलिनॉय राज्यात १९९७ मध्ये ६८ वर्षांच्या एका गृहस्थांनी घरी केलेली लोणच्यातली अंडी खाल्ली. अंडी कडक उकडलेली होती, मुरावीत म्हणून टूथपिकनं टोचली होती, बीट, मिरची आणि व्हिनेगरमध्ये घालून सात दिवस बाहेर ठेवली होती. त्यांना एकाचे दोन दिसायला लागले, चेहऱ्याचे स्नायू ढिले पडले, श्वास घेता येईना. बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषानं स्नायू लुळे पडणं. ते वाचले. टोचल्यामुळे जंतू आत गेले आणि आंबटपणा पिवळ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांनी तिथे विष केलं. लोणच्यातली अंडी करायचीच तर पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये.

दवाखाना_सातारा

मी जनरल प्रॅक्टिस करते. थोडं वैद्यकीय. खाल्ल्यावर अर्धा ते आठ तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर बहुधा आधी तयार झालेलं विष. सहा तास ते तीन दिवसांनी ताप, जुलाब, पोटात मुरडा आला तर साल्मोनेलासारखा संसर्ग. म्हणून 'काल तर काही खाल्लं नव्हतं' असं पेशंट म्हणतो तेव्हा मी परवाचं विचारते.

पाणी जाणं हा खरा धोका. ओआरएसचं पाकीट घरात आणि प्रवासाच्या पिशवीत असू द्या. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. उलटी झाली तरी पाच-दहा मिनिटांनी घोट-घोट परत सुरू करा. लहान मुलांना जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. शौचात रक्त, अंगात जोराचा ताप, लघवी कमी, मूल मलूल, किंवा घरातली व्यक्ती गरोदर, वयस्कर अथवा मधुमेही असेल तर घरी वाट बघू नका. मधुमेह असलेल्यांची साखर उलट्यांमध्ये वरखाली होते, त्यांच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वर्धारोडची_सून

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. बर्फाच्या पिशवीत ठेवली तर रात्रीची अंडी तरी नेता येतील ना?

पेट्रीडिश

हो. निघायच्या दिवशी सकाळी उकडा, पिण्याच्या पाण्यात गार करा, कोरडी पुसा आणि कवचासकट फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे गारठलेलीच निघतील. उष्णतारोधक पिशवीत दोन्ही बाजूंना गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. जेवायला काढाल तेव्हा बाटलीत बर्फाचा तुकडा शिल्लक असेल तर अंडी निश्चिंत खा. सगळं वितळून पाणी कोमट झालं असेल तर देऊ नका. उरलेली सकाळसाठी ठेवू नका.

सकाळसाठी आपल्याकडे प्रवासाचे पदार्थ आहेतच. दशम्या, धपाटे, कोरडी लसणाची चटणी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. चटणी-फुटाण्यांत जिवाणूंना वाढायला पाणीच नसतं, आणि दशम्या-धपाटे नीट कोरडे भाजले तर रात्रभर तग धरतात. सासूबाईंना फुटाणे-शेंगदाण्यांतून प्रथिनंही मिळतील.

आता मिरजेच्या दादांचा रस्सा. गाडीवर असेपर्यंत तो ६० अंशांच्या वर हवा. थर्मामीटर नसेल तर कडेनं बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत, नुसती वाफ पुरत नाही. झाकलेल्या मोठ्या पातेल्यात रस्सा रात्रभर हळूहळू निवतो, मधोमध सकाळपर्यंत ऊब राहते, आणि उकळीतूनही वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) त्या उबेत उगवतात. म्हणून गाडीवर फिरून आलेला रस्सा दुसऱ्या दिवसासाठी नकोच. त्याऐवजी वाटण परतून तेल सुटेपर्यंत भाजून ठेवा, त्याचे पसरट डबे करून लगेच फ्रिजमध्ये, आणि गाडीवर लागेल तेवढंच आधणाच्या पाण्यात सोडा. खोबरं वाया जाणार नाही. अंडी रश्श्यात आधी घालू नका, ताटात वाढताना घाला.

अंडाबुर्जी_मिरज

हे जमण्यासारखं आहे. तीन छोटे डबे करतो, सहाला एक, आठला एक, दहाला एक. लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद पडला तर?

पेट्रीडिश

दार उघडलं नाही तर साधारण ४ तास गारवा टिकतो. त्याच्या वर वीज गेली तर वाटणाचा डबा टाका. वीज जायची वेळ माहीत असेल तर वाटण फ्रीझरमध्येच ठेवत जा, आणि वापरायच्या दिवशी सकाळी खाली फ्रिजमध्ये काढा.